दर महिन्याला दोन तास अलीकडे सरकणारा बिघाड : शाळेची छत्री आणि इंधन राखून ठेवणारा उपग्रह

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेचं आहे. गाव, शाळा, माणसं, उपग्रह आणि तो चालवणारी संस्था यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि या प्रकरणात आले ती डिसेंबरात. त्याआधीचा भाग शाळेची कागदपत्रं आणि तिथल्या लोकांचं सांगणं यांवरून लिहिला आहे.

शाळेला अकरावी-बारावीची विज्ञान शाखा होती, पण भौतिकशास्त्र आणि गणिताची पदं रिकामी होती. जीवशास्त्राच्या मॅडम सगळी विज्ञान शाखा एकट्या ओढत होत्या. शिक्षणासाठी वाहिलेला एज्युसॅट २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला, त्यानंतर उपग्रहावरून वर्ग भरवण्याची कल्पना आपल्याकडच्या आडगावांपर्यंत पोचली. या शाळेतही तशीच सोय पुढे झाली : स्लॅबवर १.२ मीटरची छत्री (डिश अँटेना), खाली रिसीव्हर, प्रोजेक्टर आणि इन्व्हर्टर. शहरातल्या स्टुडिओतून सकाळी ११ ते १ आणि दुपारी ३ ते ५ असे धडे येत. ज्या शाळेत गणिताला माणूसच नाही, तिथे हे धडे जादाचे नसतात, तोच वर्ग असतो. पऱ्हाटी वेचायला जाणारी पोरंसुद्धा दुपारच्या गणिताच्या तासाला यायची, असं मॅडम सांगतात.

इंटरनेट नावापुरतं होतं. मोबाइलला रेंज हवी तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागे.

अडचण कशी पुढे आली

जुलैच्या मध्यापासून दुपारच्या धड्याचा शेवट तुटू लागला. साडेचारच्या सुमाराला चित्राचे चौकोन व्हायचे आणि पडदा निळा व्हायचा. पावसाळा होता. केयू बँडचा, म्हणजे छत्रीवर येणाऱ्या या वारंवारतेचा सिग्नल जोराच्या सरीत क्षीण होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. ऑगस्टात मात्र उघडीप असतानाही दीड-दोन वाजता सिग्नल जायचा आणि चारनंतर परत यायचा. तीनच्या धड्याचा अर्ध्याहून जास्त भाग जाऊ लागला, तेव्हा मुख्याध्यापकांनी तक्रार केली.

देखभालीचा तंत्रज्ञ ऑगस्टच्या मध्याला, दुपारी अडीचच्या सुमाराला आला. आभाळ मोकळं होतं आणि सिग्नल शून्य होता. त्याने केबल तपासली, एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा डबा) बदलला, तरी काही नाही. मग छत्रीचा मागचा बोल्ट ढिला करून ती हळूहळू वर उचलली. साधारण एक अंश वर जाताच सिग्नल भरभरून आला. त्याने बोल्ट घट्ट केले आणि अहवालात लिहिलं : वानरांमुळे छत्री हलली होती, दुरुस्त केली. वानरं आमच्याकडे खरोखरच स्लॅबवर नाचतात, तेव्हा निदान पटण्यासारखं होतं. सप्टेंबरभर दोन्ही धडे उत्तम चालले.

ऑक्टोबरात दुपारचा धडा पुन्हा शेवटाकडून कुरतडला जाऊ लागला. नोव्हेंबरात तीनचा धडा दिसेनासाच झाला. तंत्रज्ञ पुन्हा आला, पण या वेळी सकाळी साडेदहाला. सिग्नल पूर्ण होता. अहवाल : बिघाड आढळला नाही. शिपाई काका त्याच्यामागे वैतागून म्हणाले, "सायेब येते तवा बराबर चालते. सायेब गेला का बंद पडते."

डिसेंबरच्या मध्यापर्यंत सकाळच्या धड्याचाही शेवटचा पाऊण तास जाऊ लागला. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत होती.

वही

इथे मॅडमनी एक गोष्ट केली आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्या एका गोष्टीवर उलटलं. दुसऱ्या अहवालात "बिघाड आढळला नाही" हे वाचल्यावर त्यांनी एक दोनशे पानी वही घातली आणि रोज सिग्नल किती वाजता गेला ते मिनिटासकट लिहायला सुरुवात केली. कारण लिहायचं नाही, फक्त वेळ.

ती वही त्यांनी मला दाखवली तेव्हा जवळजवळ महिन्याच्या नोंदी होत्या. नोव्हेंबरच्या मध्याला सिग्नल दुपारी २:२०च्या आसपास जात होता. डिसेंबरच्या मध्याला १२:२०च्या आसपास. मधल्या दिवसांच्या वेळा या दोन टोकांमध्ये इतक्या सरळ रेषेत बसत होत्या की पावसाचा, वानरांचा किंवा ढिल्या केबलचा संशय तिथेच संपला. रोज साधारण चार मिनिटं अलीकडे, महिन्याला दोन तास.

गावातल्या प्रत्येक गोष्टीला एक घड्याळ असतं. लोडशेडिंग वेळापत्रकाने चालतं, म्हणजे घड्याळाच्या ठरल्या वेळी. उन्हाने एलएनबी तापून बिघडत असेल, तर तो सूर्याच्या वेळेने बिघडेल. शेजारच्या वेल्डिंगचा त्रास असेल, तर दुकान उघडतं तेव्हा. यातलं काहीही दररोज चार मिनिटं अलीकडे सरकत नाही. तसे सरकतात ते तारे. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत होते, म्हणून आज आठला उगवलेलं नक्षत्र उद्या सात वाजून ५६ मिनिटांनी उगवतं. भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाची पृथ्वीभोवतीची फेरीही नेमकी तेवढ्याच वेळाची असते. ताऱ्यांच्या घड्याळाने चालणारा बिघाड जमिनीवरचा असू शकत नव्हता.

गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या भाऊंनी हे आकडे न मांडताच ताडलं होतं. त्यांनी ऑगस्टनंतर छत्रीच्या पायाशी खिळ्याने खूण करून ठेवली होती आणि ती जराही सरकली नव्हती. "मॅडम, छत्री जाग्यावरच हाये. हाललं असन तं वरचंच काहीतरी हाललं असन." त्यांचं म्हणणं नोव्हेंबरात कुणी ऐकून घेतलं असतं तर महिना वाचला असता.

खात्रीसाठी दोन गोष्टी केल्या. शिपाई काका शाळेतच मुक्कामाला असत, त्यांनी एक रात्र रिसीव्हर चालू ठेवला : रात्री साडेआठला सिग्नल नाही, पहाटे चारला आहे. म्हणजे दिवसातला जवळजवळ निम्मा वेळ सिग्नल असतो आणि निम्मा नसतो, शाळा फक्त त्यातला शाळेच्या वेळेचा तुकडा पाहत होती. दुसरं म्हणजे उपग्रहांच्या कक्षेचे आकडे सर्वांसाठी उपलब्ध असतात, ते मी काढले. या उपग्रहाच्या कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीशी तिचा कोन, आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत ०.१ अंशाच्या आत होता. त्यानंतर तो दर महिन्याला साधारण ०.०७-०.०८ अंशाने वाढत डिसेंबरात १.२ अंशाच्या आसपास पोचला होता. पूर्व-पश्चिम जागा मात्र पूर्वीइतकीच पक्की होती. उपग्रह मेलेला नव्हता आणि भरकटलेलाही नव्हता. त्याला कुणीतरी विचारपूर्वक उत्तर-दक्षिण मोकळा सोडला होता.

वर काय घडत होतं

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, सेकंदाला सुमारे ३.०७ किलोमीटर वेगाने फिरतो. आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा दिसतो, पण ती जागा टिकवावी लागते. चंद्र आणि सूर्य विषुववृत्ताच्या पातळीत नाहीत. त्यांच्या ओढीमुळे कक्षा वर्षाला पाऊण ते जवळजवळ एक अंश कलते. हा आकडा चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या चक्रानुसार कमीजास्त होतो. पृथ्वीचं विषुववृत्तही अगदी गोल नाही. त्यामुळे उपग्रह पूर्व-पश्चिम सरकतो आणि आपल्या भागात त्याची ओढ ७५ अंश पूर्व रेखांशाकडे असते. ७५ अंश पूर्व हा भूस्थिर कक्षेतल्या दोन स्थिर बिंदूंपैकी एक आहे, दुसरा १०५ अंश पश्चिमेला. विदर्भाची पश्चिम कड या रेखांशापासून फार लांब नाही. तिसरी गोष्ट सूर्यप्रकाशाचा दाब, त्याने कक्षेची गोलाई बिघडते.

या सगळ्यावर उपाय थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला धक्का देणारी छोटी इंजिनं. भारतीय दळणवळण उपग्रहांवर साधारणपणे १० आणि २२ न्यूटनचे छोटे थ्रस्टर असतात. मोनोमिथाइल हायड्रॅझिन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं ही जोडी त्यांत जळते. १० न्यूटन म्हणजे किलोभर साखरेची पिशवी तळहाताला देते तेवढा दाब. दोन टनांच्या उपग्रहाला दर पंधरवड्याला सेकंदाला दोनेक मीटरचा धक्का द्यायला असे दोन थ्रस्टर काही मिनिटं पेटवले की पुरतं. कल काढायचा असेल तर उपग्रह विषुववृत्त ओलांडत असताना उत्तर-दक्षिण दिशेने पेटवायचे, रेखांश राखायचा असेल तर कक्षेच्या दिशेने किंवा उलट. इस्रोच्या भूस्थिर उपग्रहांसाठी हे काम कर्नाटकातल्या हासन आणि भोपाळच्या मुख्य नियंत्रण केंद्रांतून चालतं. उपग्रह सहसा ०.०५ किंवा ०.१ अंशाच्या चौकटीत ठेवतात. त्या अंतरावर ०.१ अंश म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर.

आता हिशेब. उत्तर-दक्षिण जागा राखायला वर्षाला एकूण सुमारे ५० मीटर प्रतिसेकंदाचे धक्के लागतात, पूर्व-पश्चिमेला फार तर दोन. दोन टनांच्या उपग्रहासाठी याचा अर्थ एकीकडे वर्षाला ३०-३५ किलो इंधन आणि दुसरीकडे दीड किलोच्या आत-बाहेर. इंधन संपत आलं की उपग्रह चालवणाऱ्यांपुढे हाच आकडा असतो. उत्तर-दक्षिण राखण सोडली तर एका वर्षाच्या इंधनात पूर्व-पश्चिम राखण वीस-पंचवीस वर्षं पुरेल. पूर्व-पश्चिम सोडता येत नाही, कारण शेजारी दुसऱ्यांचे उपग्रह आहेत. आणि शेवटी उपग्रहाला जवळपास ३०० किलोमीटर वर निवृत्तीच्या कक्षेत नेऊन ठेवायचं, त्यासाठी सुमारे ११ मीटर प्रतिसेकंद राखून ठेवावे लागतात. म्हणून इंधन तोलून वापरणारे लोक म्हाताऱ्या उपग्रहाची उत्तर-दक्षिण राखण थांबवतात. हा निर्णय मला पूर्ण बरोबर वाटतो. त्याने चालू ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत जमिनीकडे पाठवणारी यंत्रं) आणखी काही वर्षं कामी येतात आणि भूस्थिर कक्षेत कचरा राहत नाही.

पण त्याची किंमत जमिनीवर मोजली जाते. कललेल्या कक्षेतला उपग्रह आकाशात रोज एक उभा, अगदी अरुंद इंग्रजी आठचा आकडा काढतो. १ अंश कल असला तर तो विषुववृत्ताच्या एक अंश उत्तरेला आणि एक अंश दक्षिणेला जातो, बाजूला मात्र अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. यवतमाळच्या अक्षांशावरून जवळजवळ थेट दक्षिणेचा उपग्रह क्षितिजापासून ६६ अंश उंच दिसतो, आणि उपग्रह एक अंश उत्तरेला गेला की आपल्याला तो सुमारे १.१५ अंश वर गेलेला दिसतो. आमच्या १.२ मीटरच्या छत्रीची नजर, म्हणजे ती सिग्नल पकडते तो आकाशाचा पट्टा, त्या वारंवारतेला सुमारे १.६ अंश रुंद होती. नेमापासून ०.८ अंश सरकलं की सिग्नल निम्मा, आणि आमच्या रिसीव्हरचा अनुभव असा की साधारण एक अंशाला चित्र बंद.

हे समजल्यावर इतक्या महिन्यांचं कोडं उलगडलं. जुलैत उपग्रह संध्याकाळच्या सुमाराला सर्वांत उत्तरेला असे, म्हणून दुपारच्या धड्याचा शेवट जाई. ऑगस्टात ती वेळ अडीच-पावणेतीनवर आली, आणि तंत्रज्ञ नेमका तेव्हाच आला. त्याने छत्री उपग्रहाच्या उत्तर टोकावर नेमून दिली. पुढचे सहा आठवडे शाळेच्या वेळेत उपग्रह उत्तर भागातच होता, तेव्हा सगळं छान चाललं. मग ती वेळ सरकत पहाटेकडे गेली, आणि शाळेच्या वेळेत उपग्रह दक्षिणेला उतरू लागला, जिथे ही वर उचललेली छत्री बघतच नव्हती. असंच चाललं असतं तर जानेवारीच्या मध्यापर्यंत दिवसाचे सगळे धडे गेले असते.

पर्याय

परीक्षेला दोन महिने राहिले होते. बैठकीत मुख्याध्यापक, मॅडम, भाऊ आणि मी होतो.

पहिला विचार वर लिहून कळवण्याचा आणि उपग्रह पुन्हा जागेवर आणायला सांगण्याचा. मुख्याध्यापकांना तोच योग्य वाटत होता. पण एक अंश कल काढून टाकायला सुमारे ५४ मीटर प्रतिसेकंद लागतात, म्हणजे वर्षभराहून जास्तीचं इंधन, आणि तेच तर वाचवायचं ठरलं होतं. कळवायचं ते कळवलं, पण त्यावर विसंबायचं नाही असं ठरलं.

दुसरा, मोटारीने उपग्रहामागे फिरणारी छत्री. तांत्रिकदृष्ट्या हाच खरा उपाय आणि मोठी स्थानकं तेच करतात. शाळेला तो खर्च झेपणारा नव्हता, आणि एका शाळेसाठी मंजुरी मिळेपर्यंत वर्ष गेलं असतं.

तिसरा पर्याय भाऊंनी सुचवला आणि तो मला फार आवडला : छत्री लहान लावायची. लहान छत्रीची नजर रुंद असते, मग उपग्रह हलला तरी दिसत राहील. तर्क बरोबर होता. आम्ही कागदावर मांडलं. ९० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर २.१ अंश होते, पण ती सिग्नलही अडीच डेसिबेल, म्हणजे जवळजवळ निम्म्याने, कमी गोळा करते. चित्र चालायला लागतो त्याहून जास्तीचा सिग्नल, म्हणजे मोकळीक, आमच्याकडे मुळात साडेचार डेसिबेलच्या आसपासच होती, ती दोनवर आली असती. हिशेबाअंती लहान छत्री ०.८५ अंशाला बंद पडणार होती, मोठी एक अंशाला. म्हणजे आहे तीच बरी. ज्या गावात सिग्नल भरपूर आहे तिथे हे उत्तर उलट येऊ शकतं, म्हणून हा हिशेब सविस्तर देत आहे.

चौथा, धडे पेन ड्राइव्हवर मागवणं. हे करायचं ठरलंच, बुडालेल्या धड्यांसाठी. पण थेट धड्यात पोरं फोन लावून प्रश्न विचारू शकत, ते यात नव्हतं.

पाचवा पर्याय छत्री हाताने हलवण्याचा. उपग्रह जवळजवळ थेट दक्षिणेला असल्यामुळे त्याची हालचाल छत्रीच्या दृष्टीने फक्त वर-खाली होती, एकाच बोल्टचं काम. उपग्रह आपल्या रेखांशापासून लांब असेल तर त्याची वाट आकाशात तिरपी दिसते आणि मग दोन्ही दिशांना हलवावं लागतं. आमचं नशीब चांगलं होतं.

निर्णय आणि कृती

हाताने हलवायचं ठरलं, पण रोज नाही. उपग्रह चोवीस तासांत वर-खाली कितीही फिरो, शाळेला ११ ते ५ एवढाच तुकडा हवा होता. त्या सहा तासांत तो जेवढा फिरतो त्याच्या मध्यावर छत्री नेमली तर बहुतेक महिन्यांत दोन्ही धडे एकाच नेमात बसतात, हे मांडणी केल्यावर दिसलं. जानेवारीच्या मध्याला, उदाहरणार्थ, सकाळी अकराला उपग्रह मधल्या रेषेच्या, म्हणजे त्याच्या वर-खाली फिरण्याच्या मध्याच्या, किंचित खाली असणार होता आणि पाचच्या सुमाराला सर्वांत खाली, सुमारे दीड अंश. छत्री मधल्या रेषेच्या ०.८ अंश खाली ठेवली की सगळी शाळा त्यात मावत होती.

भाऊंनी मागचा बोल्ट काढून तिथे १२ मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड बसवला, वर-खाली दोन नट आणि वाऱ्याने ढिलं पडू नये म्हणून चेक नट. रॉड बिजागरापासून ३० सेंटिमीटरवर होता. या जाडीच्या रॉडवर एका फेऱ्याला नट १.७५ मिलिमीटर सरकतो, तेव्हा तीन फेरे म्हणजे एक अंश. हा हिशेब जुळल्यावर भाऊंनी रॉडवर ऑइलपेंटने पट्टे मारले. मधला पांढरा, वरचे हिरवे, खालचे लाल.

मधली रेषा कुठे, हे शोधायला एक संध्याकाळ आणि एक पहाट गेली. छत्री उपग्रहाच्या दोन्ही टोकांच्या वेळी नेमून त्यांचा मध्य घेतला. ही पायरी टाळून कुणी हा उपाय करू नये, कारण मध्य चुकला की सगळा तक्ता चुकतो.

मी महिन्यावार तक्ता करून दिला : या तारखेपासून इतके फेरे खाली, पुढच्या पंधरवड्यात इतके. तो लॅमिनेट करून जिन्याच्या दाराला लावला. फेरे देण्याचं काम शिपाई काकांनी घेतलं आणि ते मनापासून सांभाळलं. फेरे दिल्यावर वहीत सही आणि सिग्नलचा आकडा.

काय झालं

जानेवारीपासून दोन्ही धडे परत आले. ऑक्टोबर ते डिसेंबरात बुडालेले धडे पेन ड्राइव्हवरून काही प्रमाणात भरून काढले. गणितातला संकलनाचा भाग मात्र घाईत झाला, आणि त्या तुकडीचं त्यात नुकसान झालं हे मॅडम आजही सांगतात.

पुढच्या वर्षी कल दोन अंशांकडे गेला. आता नोव्हेंबरसारख्या महिन्यांत, जेव्हा शाळेच्या वेळेत उपग्रह वरून खाली उतरतो, एक नेम पुरेना. सकाळी एक आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरा असे रोज दोन नेम द्यावे लागले. काकांनी ते केलं, पण हे फार काळ चालणारं नव्हतं हे उघड होतं. त्याच वर्षी धडे दुसऱ्या, नव्या उपग्रहावर गेले आणि छत्री कायमची वळवली.

मधल्या काळात कळलं की उत्तर-दक्षिण राखण थांबवणार असल्याची सूचना उपग्रह चालवणाऱ्यांनी वेळेवर दिली होती. ती धडे प्रसारित करणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचली होती आणि तिथून पुढे शाळांकडे गेलीच नाही. आसपासच्या तालुक्यांत चौकशी केली तेव्हा अशाच छत्र्या पोत्याने झाकून ठेवलेल्या आढळल्या, "खराब" असा शेरा मारून. त्या खराब नव्हत्या. मला या प्रकरणात सर्वांत जास्त याचा त्रास होतो. एका बाजूला किलोकिलो इंधनाचा विचार करून घेतलेला चोख निर्णय, आणि दुसऱ्या बाजूला त्याच निर्णयाची खबर नसल्यामुळे गणिताविना बसलेली पोरं.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्टातली भेट ही पहिली कलाटणी. तंत्रज्ञाचं काम त्या क्षणापुरतं बिनचूक होतं. त्याने छत्री किती वाजता नेमली, ही वेळ अहवालात असती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठला कुणी सिग्नल पाहिला असता, तर तेव्हाच तो गायब दिसला असता आणि शंका आली असती. दुरुस्तीनंतर पूर्ण एक दिवस-रात्र सिग्नल पाहिल्याशिवाय सही न करणं एवढा नियम पुरेसा होता.

नोव्हेंबरातली भेट दुसरी. तक्रार "दुपारचा धडा दिसत नाही" अशी होती आणि तपासणी सकाळी झाली. तक्रारीतच बिघाडाची वेळ ठळक असती तर माणूस त्या वेळी पाठवला गेला असता. एका बैठकीत सन आउटेजची, म्हणजे सूर्य उपग्रहाच्या नेमका मागे आल्यावर सिग्नल बुडण्याची, शंकाही निघाली होती. आपल्या अक्षांशावर तो मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दिवसाला काही मिनिटं होतो. महिनोन्महिने चालणाऱ्या, तासन्‌तास टिकणाऱ्या बिघाडाला तो लागू नाही, हे वेळेची नोंद असती तर लगेच कळलं असतं.

रॉडचा उपाय मी पुन्हा सुचवेन, पण पहिल्याच दिवशी त्याची मुदत सांगून. कल दर वर्षी पाऊण-एक अंशाने वाढतो, तेव्हा हाताने फेरे देणं एक वर्ष सोपं, दुसऱ्या वर्षी कष्टाचं आणि तिसऱ्या वर्षी जवळजवळ अशक्य. दुसऱ्या उपग्रहावर जाण्याचा पाठपुरावा रॉड बसवण्याच्या दिवशीच सुरू व्हायला हवा होता, तो सहा महिने उशिरा झाला.

यापुढे अशा म्हाताऱ्या उपग्रहांचं चित्र थोडं बदलेल. इस्रोने ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या जीसॅट-९ वर विद्युत थ्रस्टर बसवले आहेत. तेवढ्याच धक्क्याला त्यांना रासायनिक थ्रस्टरपेक्षा कितीतरी कमी इंधन लागतं. फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ नावाचं यान इंटेलसॅट ९०१ या उपग्रहाला जाऊन जोडलं गेलं आणि त्याची जागा राखण्याचं काम त्याने स्वतःच्या थ्रस्टरवर घेतलं. तरी आज कक्षेत असलेल्या बहुतेक उपग्रहांचं इंधन सोडतानाच भरलेलं आहे आणि ते कधीतरी संपत येणार आहे. त्यांच्याकडे पाहणाऱ्या शाळा, दवाखाने आणि ग्रामपंचायतींच्या छत्र्यांना याची खबर एका ओळीच्या निरोपाने देता येते : अमुक महिन्यापासून हा उपग्रह वर-खाली हलेल, छत्री अमुक वेळी नेमा.

नव्या उपग्रहावर गेल्यापासून मॅडमनी वहीत एक रकाना वाढवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या उपग्रहाच्या कक्षेचा कल त्यात लिहिला जातो. मी शेवटचा पाहिला तेव्हा तो ०.०५ अंशाच्या आत होता.